झडपेवरचा चुना : हृदयविकाराच्या एका खुणेचा इतिहास

हृदयाच्या डाव्या जवनिकेतून शुद्ध रक्त महाधमनीत शिरते तेथे तीन पाकळ्यांची एक झडप असते. तिच्या प्रत्येक पाकळीमागे महाधमनीची भिंत किंचित फुगलेली असून तेथे एक छोटा खोलगा तयार झालेला असतो. या तीन खोलग्यांपैकी दोहोंतून प्रत्येकी एक धमनी निघते आणि लगेच मागे वळून हृदयाच्याच स्नायूला रक्त पुरवते. याच कॉरोनरी म्हणजे हृदयधमन्या असून त्या तुंबल्या की हृदयविकाराचा झटका येतो. शरीररचनेत झडप आणि हृदयधमन्या अशा अगदी लगत असल्या, एकाच रक्ताच्या झोतात आयुष्यभर राहत असल्या, तरी वैद्यकाने त्यांच्या आजारांचा विचार फार काळ वेगवेगळा केला. झडपेचा रोग आणि धमनीचा रोग यांची कारणे, उपचार आणि पाठ्यपुस्तकातील प्रकरणेही निराळी राहिली. उतारवयात झडप जाड होणे, तिच्यावर चुन्याचे म्हणजे कॅल्शियमच्या क्षारांचे थर बसणे, ही धमन्यांतील रोगाची खूण असू शकते, ही गोष्ट मान्य व्हायला विसावे शतक सरत यावे लागले. हा विलंब पुराव्याच्या अभावामुळे झाला असे म्हणता येत नाही, कारण पुरावा अठराव्या शतकातच शवविच्छेदनाच्या टेबलावर एकत्र मांडला गेला होता.

त्याआधीही दोन्ही टोके एकाच माणसाच्या हाती येऊन गेली होती. लिओनार्दो दा विंची याने १५०७-०८च्या हिवाळ्यात फ्लॉरेन्समधील सांता मारिया नुओव्हा रुग्णालयात वारलेल्या एका अतिवृद्ध माणसाचे विच्छेदन केले, तेव्हा हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी सुकलेली आणि आक्रसलेली असल्याचे त्याने टिपून ठेवले. पुढे काही वर्षांनी बैलाच्या हृदयाचा अभ्यास करताना महाधमनीच्या मुळाची काचेची प्रतिकृती घेऊन, पाण्यात गवताचे बी सोडून, झडपेमागच्या खोलग्यांत प्रवाहाचे भोवरे कसे उठतात आणि ते पाकळ्या मिटायला कशी मदत करतात, याचा विचार त्याने केला. मात्र त्याच्या वह्या पुढे कित्येक पिढ्या वैद्यांच्या वाचनात आल्याच नाहीत. त्या खोलग्यांना आज आंतोनियो व्हाल्साल्व्हा या इटालियन शरीररचनाशास्त्रज्ञाचे नाव आहे. त्याचाच शिष्य जोव्हान्नी बात्तिस्ता मोर्गान्यी याने १७६१ साली, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, रोगांची ठिकाणे आणि कारणे सांगणारा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला आणि जिवंतपणीची लक्षणे व मृत्यूनंतर दिसलेले बदल शेजारीशेजारी ठेवून वाचण्याची शिस्त युरोपच्या वैद्यकाला लावली. हाडासारख्या कठीण झालेल्या झडपा त्याने आणि त्याच्या आधीच्या संग्राहकांनी नोंदल्या होत्या. त्यांची रोग म्हणून संगती लावण्याचे काम मात्र बाकी होते.

या संदर्भात सर्वांत बोलका ठरतो तो लंडनचा शल्यवैद्य जॉन हंटर याचा मृत्यू. विल्यम हेबर्डन याने १७६८ साली रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये वाचलेल्या निबंधात अंजायनाचे, म्हणजे चालताना वा चढताना छातीत उठून थांबले की शमणाऱ्या वेदनेचे वर्णन केले होते. ही वेदना कशामुळे उद्‌भवते हे मात्र त्याला सांगता आले नव्हते. अंजायनाने वारलेल्या एका रुग्णाचे शव हंटरने तपासले, तेव्हा दोन्ही हृदयधमन्या उगमापासून पार फांद्यांपर्यंत हाडासारख्या झाल्याचे त्याला आढळले आणि जॉन फॉदरगिल याने ती हकीकत १७७६ साली छापली. तोवर हंटरलाही हेच दुखणे जडले होते. रागाचा झटका आला की त्याची छाती भरून येई, आणि आपले प्राण आपल्याला चिडवणाऱ्या कोणाही माणसाच्या हाती आहेत असे तो म्हणत असे. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी सेंट जॉर्जेस रुग्णालयातील एका बैठकीत त्याच्या बोलण्याला कोणी तरी विरोध केला, तेव्हा तो संताप आवरत शेजारच्या खोलीत गेला आणि तेथेच कोसळून मरण पावला. त्या वेळी तो पासष्ट वर्षांचा होता.

त्याचे शवविच्छेदन झाले आणि त्याचा मेहुणा एव्हरार्ड होम याने त्याचा वृत्तांत १७९४ साली हंटरच्याच एका ग्रंथाच्या आरंभी छापला. आजच्या वाचकाने हा वृत्तांत सावकाश वाचायला हवा, इतका तो बारकाईने लिहिलेला आहे. हृदयधमन्यांच्या फांद्या हाडाच्या नळ्या बनल्या होत्या. सुरीने त्या कापणे जड गेले आणि कापल्यावरही त्यांची तोंडे मिटली नाहीत, उघडीच राहिली. इतका भाग पुढच्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा सांगितला गेला. परंतु होम तेथे थांबला नव्हता. डाव्या बाजूचे दोन कप्पे जोडणारी मायट्रल झडप जेथे कप्प्याच्या कडेला चिकटते, त्या कड्यावर जागोजाग हाडासारखा कठीण काठ तयार झाला होता, एका ठिकाणी तर त्याची गाठच बनली होती, आणि हा कठीणपणा झडपेच्या खालच्या भागात उतरलेला नव्हता, हेही त्याने लिहिले. महाधमनीच्या झडपेच्या पाकळ्यांनी आपली लवचीकता गमावली होती आणि त्यांवर काही ठिकाणी चुना साचू लागला होता. महाधमनीच्या आतल्या अस्तरावर किंचित उंचावलेले पांढरे, अपारदर्शक ठिपके होते. आजच्या भाषेत सांगायचे तर मायट्रल कड्यावरील कॅल्शियम, महाधमनीच्या झडपेचा स्क्लेरोसिस म्हणजे रक्ताची वाट न अडवता आलेला जाडपणा, महाधमनीतील मेदाचे थर आणि हृदयधमन्यांचा विकार ही चारही लक्षणे एकाच हृदयात होती व एकाच पानावर छापली गेली होती.

या चार नोंदींपैकी फक्त एकीला पुढे वारस मिळाला. हंटरचा शिष्य एडवर्ड जेन्नर, ज्याचे नाव देवीच्या लशीमुळे घरोघरी गेले, त्याने अंजायनाचा आणि हृदयधमन्यांचा संबंध आधीच ताडला होता. एका शवाचे हृदय बुडाशी आडवे कापताना त्याची सुरी कशावर तरी करकरली, तेव्हा जुन्या छताचा गिलावा खाली पडला असावा असे वाटून त्याने वर पाहिले. नीट तपासल्यावर कळले की हृदयधमन्याच हाडासारख्या बनल्या आहेत. आपल्या गुरूला हेच दुखणे आहे हे ओळखून, तो हयात असेपर्यंत जेन्नरने हा विचार छापण्याचे टाळले. त्याचा मित्र केलब हिलियर पॅरी याने १७९९ साली अंजायनावरील आपल्या पुस्तकात तो मांडला. अशा रीतीने हृदयधमन्यांचा धागा पुढे चालू राहिला, मायट्रल कड्यावरची गाठ आणि महाधमनीच्या झडपेचा ताठरपणा मात्र वार्धक्याच्या खात्यात जमा होऊन विस्मरणात गेले.

असे का झाले याचे पहिले कारण ऐकू येण्याशी निगडित आहे. रने लाएन्नेक याने १८१६ साली पॅरिसमध्ये कागदाची सुरळी रुग्णाच्या छातीवर ठेवून हृदयाचे ठोके ऐकले आणि १८१९ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध करून स्टेथोस्कोप वैद्यकाच्या हाती दिला. अरुंद झालेल्या झडपेतून रक्त जाताना मर्मर, म्हणजे फुंकर घातल्यासारखा आवाज होतो. त्यामुळे झडपेचा रोग जिवंत रुग्णात ऐकता येऊ लागला, त्याला नावे मिळाली, त्याचे प्रकार पडले. तुंबलेल्या धमनीला मात्र आवाज नसतो. एकोणिसाव्या शतकात हृदयरोगाचे शास्त्र कानाने घडत गेले आणि जे कानाला पकडता आले नाही ते शवविच्छेदनाच्या खोलीत पडून राहिले. त्यातही ज्या झडपेची वाट अजून मोकळी आहे, फक्त पाकळ्या जाड झाल्या आहेत, तिचा आवाज इतका हलका असतो की वृद्ध माणसात तो निरुपद्रवी मानून सोडून देण्याचा परिपाठ पडला, आणि हा परिपाठ विसाव्या शतकातही बराच काळ टिकला.

दुसरे कारण संधिवाती ज्वराचे आहे. लहान वयात घशाला झालेल्या जंतुसंसर्गानंतर शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटते व झडपांना कायमची इजा होते, असा हा रोग आहे. पॅरिसच्या झां-बातिस्त बुइयो याने १८३०च्या दशकात सांधेदुखीचा तीव्र ज्वर आणि हृदयाचा रोग यांची सांगड ठामपणे घालून दिली. ही सांगड खरीच होती, आणि म्हणूनच ती गरजेपेक्षा जास्त ताणली गेली. उतारवयात चुना साचून बंद होत आलेल्या झडपांचेही मूळ बालपणीच्या ज्वरातच शोधण्याची प्रवृत्ती वाढली. अमेरिकेत कार्स्नर आणि कोलेट्स्की यांनी १९४७ साली अशा झडपांवर पुस्तक लिहिले तेव्हासुद्धा त्यांनी बहुतेकींचा दोष संधिवाती ज्वरालाच दिला. पुढे ब्रिटनच्या एरिएला पोमरन्स आणि अमेरिकेचे विल्यम रॉबर्ट्स यांच्या विकृतिशास्त्रीय अभ्यासांतून चित्र बदलले: काही झडपा जन्मतःच तीनऐवजी दोन पाकळ्यांच्या असतात आणि लवकर झिजतात, ज्या तीन पाकळ्यांच्या झडपा सत्तरी-ऐंशीत चुनखडतात त्यांच्यात ज्वराच्या खुणा सापडत नाहीत. भारतात, आणि महाराष्ट्रातल्या सार्वजनिक रुग्णालयांतही, संधिवाती ज्वराने बिघडलेल्या झडपा दीर्घकाळ तरुण रुग्णांत मोठ्या प्रमाणावर दिसत राहिल्या. त्यामुळे येथील डॉक्टरांच्या मनात झडपेचा रोग आणि गरिबी, दाटीची वस्ती, दुर्लक्षित घसादुखी हे समीकरण घट्ट बसले, आणि ते अनुभवाला धरूनच होते.

या सगळ्या काळात एका माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली जे पाहिले ते मात्र आजही आश्चर्य वाटावे इतके नेमके होते. योहान गेऑर्ग म्योंकेबेर्ग या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९०४ साली महाधमनीच्या झडपेची निरोगी घडण आणि तिचा स्क्लेरोसिस यांवर दीर्घ निबंध लिहिला. बदलाची सुरुवात पाकळीच्या टोकाला होत नाही, तर ती महाधमनीच्या भिंतीला जेथे जोडलेली असते त्या बुडाशी, आणि तीही खोलग्याकडच्या बाजूने होते, हे त्याने दाखवून दिले. तेथे आधी स्निग्ध द्रव्य दिसते आणि मग चुना. ज्वराने बिघडलेल्या झडपेत पाकळ्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात. येथे कडा सुट्या राहतात आणि जाडपणा बुडाकडून पसरतो. धमन्यांतील मेदाचे थरही वाहिनीला फांदी फुटते अशा ठिकाणी, जेथे प्रवाह घुटमळतो तेथे, प्रथम बसतात. झडपेची खोलग्याकडची बाजूही अशाच घुटमळत्या प्रवाहात असते. म्योंकेबेर्गने स्वतः या बदलाकडे मुख्यतः झीज आणि ताण यांच्या अंगाने पाहिले, आणि त्याचे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांच्या तोंडी राहिले ते वेगळ्याच, धमनीच्या मधल्या थरात चुना साचण्याच्या विकाराशी जोडून.

हृदयधमन्या जिवंत माणसात दिसू लागल्या त्याही झडपेच्याच वाटेने. क्लीव्हलँडचे डॉक्टर मेसन सोन्स ऑक्टोबर १९५८मध्ये एका तरुण रुग्णाच्या महाधमनीच्या झडपेची क्ष-किरण तपासणी करत असताना बारीक नळीचे टोक नकळत उजव्या हृदयधमनीच्या तोंडात गेले आणि क्ष-किरणांत दिसणारे द्रव्य थेट धमनीत शिरले. रुग्णाचे हृदय क्षणभर थांबले, त्याला खोकायला सांगितल्यावर ठोके पुन्हा सुरू झाले, आणि हृदयधमन्यांचे चित्रण म्हणजे अँजिओग्राफी जन्माला आली. झडप आणि धमनी यांच्या तोंडांमधले अंतर किती थोडे आहे याची साक्ष या अपघाताने जितकी दिली तितकी कोणत्याही पाठ्यपुस्तकातील आकृतीने दिली नसेल. पुढे १९६०नंतर कृत्रिम झडपा बसवण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या, शस्त्रक्रियेआधी अँजिओग्राफी करण्याची पद्धत रुळली आणि झडप चुनखडलेल्या वयस्क रुग्णांपैकी पुष्कळांच्या हृदयधमन्याही रोगट असल्याचे शल्यचिकित्सकांच्या नित्य अनुभवाला येऊ लागले. यात एक अडचण होती. अरुंद झडपेतून रक्त ढकलताना हृदयाचा स्नायू जाड होतो, त्याची प्राणवायूची गरज वाढते, आणि हृदयधमन्या स्वच्छ असूनही अंजायना होऊ शकतो. त्यामुळे छातीतली वेदना झडपेची की धमनीची, हे केवळ लक्षणांवरून ठरवता येत नसे.

प्रश्नाचे रूप पालटले ते ध्वनिलहरींनी. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर हा हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ हा भौतिकशास्त्रज्ञ यांनी, कारखान्यात धातूच्या पोटातील दोष शोधण्यासाठी बनवलेले सीमेन्स कंपनीचे ध्वनियंत्र उसने घेऊन, ऑक्टोबर १९५३मध्ये हृदयाच्या हालचालींची पहिली नोंद केली. मायट्रल झडप किती अरुंद आहे हे शस्त्रक्रियेआधी कळावे एवढाच एडलरचा हेतू होता. आज इको या नावाने ओळखली जाणारी ही तपासणी पुढच्या तीन दशकांत इतकी सोपी आणि निर्धोक झाली की ज्यांना काहीही त्रास नाही अशा हजारो माणसांच्या झडपा पाहणे शक्य झाले. क्ष-किरणांतही हलणारा चुना पूर्वी दिसत असे, पण लोकांच्या एवढ्या मोठ्या समूहात ती पाहणी कोणी केली नसती.

अमेरिकेतील कार्डिओव्हॅस्क्युलर हेल्थ स्टडी या दीर्घ पाहणीत पासष्ट वर्षांवरील ५,२०१ स्त्री-पुरुषांचे इको तपासले गेले आणि त्यांचे निष्कर्ष १९९७ साली प्रसिद्ध झाले. त्यांत २६ टक्के लोकांची महाधमनीची झडप जाड झालेली आढळली, तर तिची वाट खरोखर अरुंद झालेले फक्त २ टक्के होते. जाडपणाशी जोडलेले घटक कोणते, हे पाहिले तेव्हा वय, पुरुष असणे, उच्च रक्तदाब, धूम्रपान, एलडीएल म्हणजे अपायकारक कोलेस्टेरॉल आणि लिपोप्रोटीन-ए हा रक्तातला स्निग्ध कण अशी यादी निघाली. हृदयधमन्यांच्या विकाराची यादीही जवळजवळ हीच आहे. त्याआधी सिअ‍ॅटलच्या कॅथरिन ऑटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली झडपेच्या आरंभीच्या बदलांत स्निग्ध प्रथिने, त्यांना गिळणाऱ्या भक्षक पेशी आणि दाह घडवणाऱ्या लसिका पेशी दाखवल्या होत्या. म्हणजे निव्वळ झीज समजल्या गेलेल्या जागी एक जिवंत, चालू असलेली प्रक्रिया होती. ऑटो यांनीच १९९९ साली, त्याच पाहणीतल्या ५,६२१ लोकांचा सुमारे पाच वर्षांचा पाठपुरावा करून, ज्या निष्कर्षाने जुनी समजूत मोडली तो मांडला: ज्यांची झडप केवळ जाड आहे, रक्ताला कसलाही अडथळा नाही, अशांमध्येही हृदयरोगाने मृत्यू येण्याचा आणि हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका सुमारे ५० टक्क्यांनी अधिक होता. वाट मोकळी असलेली झडप कोणाचा जीव घेत नाही, तेव्हा हा वाढीव धोका दुसरीकडून येत होता, आणि त्याचा रोख शेजारच्या धमन्यांकडे जात होता.

मायट्रल कड्यावरच्या चुन्याची कथा याला समांतर चालली. हा चुना बहुधा रुग्णाला त्रास देत नाही. तो अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतो. इस्राएलमधील येहुदा अ‍ॅडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांत या चुन्याचा आणि हृदयधमन्यांच्या विकाराचा संबंध दाखवला. मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम या गावी १९४८पासून चालू असलेल्या पाहणीतील १,१९७ लोकांचा सोळा वर्षांचा पाठपुरावा २००३ साली छापून आला. त्यात या चुन्याची जाडी दर मिलिमीटरने वाढली की हृदयवाहिन्यांच्या विकाराचा धोका सुमारे १० टक्क्यांनी वाढत असल्याचे दिसले. होमने १७९३मध्ये हंटरच्या हृदयात जी गाठ पाहिली ती नेमकी याच कड्यावर होती.

दोन्ही रोग एकच, असा सोपा निष्कर्ष मात्र यातून निघत नव्हता, आणि तो काढण्याची घाई झाली तेव्हा रुग्णांनीच त्याला उत्तर दिले. कोलेस्टेरॉल उतरवणारी स्टॅटिन औषधे हृदयधमन्यांच्या विकारात उपयोगी पडतात, तर ती झडपेचा चुनाही रोखतील, या आशेने तीन मोठे प्रयोग झाले. स्कॉटलंडमधील १५५ रुग्णांवरचा साल्टायर प्रयोग २००५ साली, युरोपातील १,८७३ रुग्णांवरचा सीस प्रयोग २००८ साली आणि कॅनडातील अ‍ॅस्ट्रोनॉमर २०१० साली प्रसिद्ध झाला; तिन्हींमध्ये झडप अरुंद होत जाण्याचा वेग कमी झाला नाही. सीसमध्ये धमन्या तुंबून होणाऱ्या घटना मात्र कमी झाल्या, म्हणजे एकाच उपचाराने त्याच माणसाच्या धमनीला हात दिला आणि झडपेला दिला नाही. याचा उलगडा झडपेच्या पुढच्या प्रवासात आहे. आरंभ स्निग्ध द्रव्य आणि दाह यांनी होत असला, तरी चुना साचू लागल्यावर झडपेतल्या पेशी हाड घडवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. अमेरिकेत २००१ साली शस्त्रक्रियेत काढलेल्या ३४७ झडपा तपासल्या असता त्यांपैकी १३ टक्क्यांत खरेखुरे, थरांनी बनलेले हाड सापडले. तेथून पुढे कोलेस्टेरॉल कमी करून फारसे साधत नाही. शिवाय झडप अगदी अरुंद झालेल्या पुष्कळ रुग्णांच्या हृदयधमन्या स्वच्छ असतात आणि हृदयधमन्या तुंबलेल्या बहुतेकांची झडप अरुंद नसते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णांत तर कॅल्शियम आणि फॉस्फरसचा तोल बिघडल्यानेच झडपांवर आणि कड्यावर चुना चढतो. म्हणून झडपेवरचा चुना हे निदान ठरत नाही. धमन्यांची चौकशी करायला भाग पाडणारी साक्ष एवढेच त्याचे स्थान आहे, आणि तेही काही लहान नाही.

या साक्षीचा सर्वांत अलीकडचा दुवा रक्तातल्या एका कणाशी जाऊन पोचतो. ऑस्लोच्या कोरे बेर्ग याने १९६३ साली शोधलेले लिपोप्रोटीन-ए हे एलडीएलसारखे, पण एक जादा प्रथिन चिकटलेले द्रव्य असून त्याची रक्तातली पातळी मुख्यतः जनुकांनी ठरते. आहार किंवा व्यायाम यांनी ती फारशी हलत नाही. ही पातळी घडवणाऱ्या जनुकातला एक विशिष्ट बदल ज्यांच्यात आहे त्यांच्या महाधमनीच्या झडपेवर चुना साचण्याचे प्रमाण अधिक असते, हे २०१३ साली मोठ्या लोकसमूहांच्या जनुकीय अभ्यासातून सिद्ध झाले. हेच द्रव्य हृदयविकाराच्या झटक्याचाही धोका वाढवते हे आधीच माहीत होते. दक्षिण आशियाई वंशाच्या लोकांत त्याची पातळी युरोपीय वंशाच्या लोकांपेक्षा सरासरीने अधिक आढळते, आणि हृदयधमन्यांचा विकार त्यांच्यात कमी वयात दिसतो. म्हणून पुण्या-मुंबईतल्या किंवा परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात, पन्नाशीच्या आसपासच्या माणसाच्या इको अहवालात ‘महाधमनीची झडप किंचित जाड, रक्तप्रवाहाला अडथळा नाही’ अशी ओळ येते, तेव्हा तिला वयाचा भाग म्हणून सोडून देण्याऐवजी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल आणि घराण्यातला हृदयविकार यांची चौकशी करणे, आणि शक्य असेल तर लिपोप्रोटीन-ए एकदा तपासून घेणे, हे डॉक्टरांचे रास्त काम ठरते. ही पातळी थेट उतरवणारी औषधे सध्या रुग्णांवर पारखली जात आहेत. ती धमनीबरोबर झडपेलाही वाचवतात का, हे ठरायचे आहे.